मामा उंब्रजला आडवा झाला

“अहो, मामा परत ओकला! माझ्या पैठणीवरच उडालं असतं आत्ता!”

सांगलीहून साताऱ्याला जाताना, उंब्रजच्या अलीकडं, महामार्गाच्या कडेला उभी राहून आमची बायको असं ओरडत होती आणि ट्रकवाले वेग कमी करून, खिडकीतून मान बाहेर काढून, कोण ओकतंय ते बघत होते.

गैरसमज नको म्हणून लगेच सांगतो, मामा म्हणजे आमची मोटार. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या पाहुण्यांना सांगितलं असतं तर माझ्या पोराच्या साखरपुड्यावर पाणी पडायची वेळ आली नसती. (पाणी पडलंच होतं म्हणा, पण ते टाकीत. त्याच्याकडं येतो.)

गाडी आमच्याकडं आली ती बायकोच्या भावाकडून. दत्तूमामा विट्याचा. निम्म्या विट्यासारखा तोही गलाईवाला. सोनं गाळायचं दुकान पार मदुराईकडं. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी, क्रीम रंगाची, तरुणपणी देखणी असावी अशी गाडी बहिणीला देऊन टाकली. आमचा प्रतीक तेव्हा अंगणवाडीत. दारात गाडी बघून तो म्हणाला, “मामा आला.” झालं. तेव्हापासून आमच्या घरात “मामाला अंघोळ घातली का?”, “मामाचा कान पिळा, हॉर्न वाजत नाही”, “मामा विकून टाका आता” अशी वाक्यं आम्ही मान वर न करता बोलतो. खरा मामा तो ‘दत्तूमामा’, गाडी म्हणजे नुसता ‘मामा’. हा फरक सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साताऱ्यापर्यंत तो पोचलेला नव्हता.

आणि खरा दत्तूमामा कसा, तर गळ्यात तुळशीची माळ. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघतो आणि डॉक्टरला विचारतो, “ह्यात तसलं काय न्हाई न्हवं?”

आता मी. मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. म्हणजे कामगार आत कधी गेले आणि बाहेर कधी आले एवढंच बघायचो. पण कारखान्याच्या गेटवर उभं राहून ज्यानं सारी उमर मळीचा वास घेतला, त्याला इथेनॉल शिकवायला जाऊ नये, असं माझं ठाम मत होतं. पेट्रोलमधे इथेनॉल मिसळायला लागले तेव्हा सगळा गाव कुरकुरत होता. माझी मात्र छाती फुगली होती. ऊस आमचा, मळी आमची, धुराडं आमचं. आमच्या पट्ट्यातल्या उसावर मुंबईच्या गाड्या पळणार. मी पंपावर पेट्रोल भरताना पोऱ्याला सांगायचो, “जरा हळू ओत, आमच्या शेजारच्या रानातलं असंल.” (मला रान नाही. शेजाऱ्याला आहे.)

अ‍ॅव्हरेज कमी झालं हे मलाही दिसत होतं. पूर्वी मामा एका टाकीत पुण्याला जाऊन यायचा आणि वर उरलेल्या पेट्रोलात विट्याची सासुरवाडी व्हायची. आता विश्रामबागेतून निघून शंभर फुटी रस्त्याला लागलो की पेट्रोलचा काटा असा खाली वाकायचा, जसा काही वडीलधाऱ्यांच्या पाया पडतोय. पण मी कबूल करत नव्हतो. “वारा समोरनं होता,” म्हणायचो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा.

आमच्या बंडा मिस्त्रीनं सांगून बघितलं होतं. “नाना, ह्या म्हाताऱ्याला ह्ये पचत न्हाई. नव्या गाड्या त्या हिशेबानंच घडवल्यात, त्यांचं जरा अ‍ॅव्हरेज पडंल, दुसरं काय न्हाई. पर ह्येचं रबर जुनं. फुगतंय, मग फुटतंय. आन टाकीत वर्सानुवर्साचा गंज हाय त्यो सगळा सुटून खाली येतोय. पायपी बदलू, टाकी धुऊ.”

पण बंडावर विश्वास कोण ठेवणार? अलीकडं त्याच्याकडं सगळ्या रोगांचं निदान एकच. ब्रेक लागत नाही? इथेनॉल. वायपर फिरत नाही? इथेनॉल. त्याचा पोरगा दहावीत गणितात राहिला तेव्हाही मला वाटतं त्यानं एकदा गाडीकडंच बघितलं. मी त्याला म्हणालो, “बंडा, सगळी उमर ऊस खाऊन आमची माणसं ठणठणीत आहेत, गाडीला काय होतंय?”

“माणसं ऊस खात्यात नाना,” बंडा म्हणाला, “त्येची काढल्याली प्यायली की काय व्हतंय ते आमच्या थोरल्या दाजीला बघा.”

मी ऐकलं नाही. उलट पावसाळ्याच्या तोंडावर मी मामाची टाकी काठोकाठ भरली. गल्लीत कुणीतरी म्हणालं होतं की भाव वाढणार. भाव वाढला नाही, मामाही हलला नाही. सगळा पावसाळा तो गळक्या पत्र्याखाली भरल्या पोटी उभा. आता इथेनॉलला पाण्याची भारी ओढ असते. हवेतलं, पत्र्यावरचं, झाकणाच्या फटीतलं, जिथं पाणी दिसेल तिथं ते गळ्यात गळा घालतं, आणि मग दोघं मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला फक्त मळीचा वास माहीत होता.

डिसेंबरात प्रतीकचा साखरपुडा ठरला. मुलगी ऋतुजा, साताऱ्याची. घर महामार्गाला लागूनच. आणि त्या घरात शब्द चालतो तो तिच्या आजोबांचा. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी गावच्या दारूदुकानावर चढाई केलेली. बायकांना घेऊन मतदान करवलं, ‘आडवी बाटली’ जिंकून आणली, दुकानाला कुलूप घातलं. स्थळ बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, “घरात कोण घेतं का?” मी छाती ठोकून म्हणालो होतो, “आबा, आमच्याकडं पोराचा मामासुद्धा माळकरी आहे.” तेवढ्यावर त्यांनी होकार दिला होता.

बायको म्हणाली, भाड्याची गाडी करू. प्रतीक म्हणाला, मित्राची आणतो. मी म्हणालो, “साखरपुड्याला साखरेच्याच पेट्रोलवर जायचं. मामानंच जायचं.” हे वाक्य सुचलं तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. दत्तूमामा विट्याहून परस्पर रहिमतपूरमार्गे येणार होता, तोही जेवणाच्या वेळेला. म्हणून त्याचा विचार माझ्या डोक्यात नव्हताच.

कराडपर्यंत मामा चालला. म्हणजे उचकी लागलेल्या माणसासारखा चालला. कराड सोडल्यावर टाकीच्या तळातला मामला ढवळून वर आला असावा. मामा एकदा शिंकला, दोनदा खोकला आणि उंब्रजच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला जाऊन, कुणी सांगितल्यासारखा, गप्प बसला. बॉनेट उघडलं तर रबरी नळी टम्म फुगून उकललेली. स्टार्टर मारला की तिथनं पिचकारी. बायको ओरडली ती तेव्हा.

“पप्पा, मी सांगितलं होतं,” प्रतीक म्हणाला. मग एका मोटारसायकलवाल्याला हात करून तो उंब्रजला मेकॅनिक बघायला गेला. जाताना म्हणाला, “आबांना फोन करा. ऋतुजाचा लागत नाही, आबांनी घरातले सगळे फोन ताटात जमा करून ठेवलेत. कार्यात फोन नको म्हणून. त्यांचा एकट्याचा चालू आहे.”

मी आबांना फोन लावला. आबांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन कायम स्पीकरवर. तिकडं खोलीत सगळं भावकीचं मंडळ बसलेलं. इकडं माझ्या कानाशी ट्रक.

“आबा, जरा उशीर होतोय. मामानं घोळ केला.”

“काय झालं मामांना?”

“सकाळी निघताना बरा होता हो. पण हल्ली त्याला पचत नाही.”

“काय पचत न्हाई?”

म्हाताऱ्या माणसाला इथेनॉल कसं सांगायचं? मी सोपं करून सांगितलं. “स्पिरिट हो. उसाचं.”

तिकडं फोन जवळ ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, आबा विषयात रस घेतायत. मी खुलासा वाढवला. “पहिल्यापासून सवय नाही ना त्याला. आता जाईल तिथं तेच मिळतं, दुसरं मिळतच नाही.”

“किती घेतली?”

“फुल्ल. पार गळ्यापर्यंत. जूनपासून पोटात आहे. वर पाणी गेलं, त्यानं बिघडलं.”

“जूनपासनं,” आबा कुणाला तरी म्हणाले. मग मला, “आता कुठं हायत?”

“उंब्रजजवळ, रस्त्याच्या कडेला. सारखा ओकतोय. ढकलून बघितला, जागचा हलत नाही. वय झालंय आता, टाकवतही नाही आणि ठेववतही नाही.”

“आन तुमी काय करताय?”

“मी नळी घालून, तोंडानं ओढून, पोटातलं सगळं बाहेर काढतोय.”

आबांनी फोन ठेवला. मी बायकोला म्हणालो, “फार समजूतदार माणूस. एका शब्दानं रागावले नाहीत.”

मग मी खरोखरच टाकीत नळी घातली आणि ओढलं. हे कुणी करू नये. पहिल्या ओढीला काही आलं नाही, दुसऱ्या ओढीला काही आलं नाही, तिसऱ्या ओढीला अख्खा साखर कारखाना घशात आला. डोळे लालभडक झाले, सदऱ्यावर ओघळ आले, मी रस्त्याकडेला बसून अर्धा तास थुंकत होतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं काढलं ते मात्र बघण्यासारखं होतं. वर पिवळसर पेट्रोल, खाली पांढरा गढूळ थर. बायकोनं पर्समधनं मूठभर लवंगा काढून दिल्या. “चावा. पाहुण्यांसमोर असला वास बरा दिसत नाही.”

इकडं हे, आणि तिकडं काय झालं ते मला नंतर दत्तूमामानंच सांगितलं. तो बिचारा लवकर निघाला आणि लवकर पोचला. दारात गाडी लावून, हात जोडून म्हणाला, “राम राम. मी मुलाचा मामा.”

सारी खोली उठून उभी राहिली. उंब्रजला पडलेला माणूस शुद्धीवर येऊन, स्वतः गाडी चालवत आला होता. ऋतुजाचे वडील पुढं झाले आणि गोड बोलून त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली. दोघांनी दोन्ही दंडांना धरून खुर्चीत बसवलं. लिंबूपाणी आणलं. मग ताक आणलं. मग परत लिंबूपाणी. डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. दत्तूमामा म्हणतो, मी मनात म्हणालो, लय प्रेमळ माणसं, आमच्या आक्कीचं पोरगं सुखात पडलं.

आबा शेजारी बसले. हात हातात घेतला. “कवापासनं करताय ह्ये?”

दत्तूमामाला वाटलं, धंद्याचं विचारतायत. “तेराव्या वर्सापासनं.”

“लावलं कुणी?”

“चुलत्यानं. आमच्या विट्यात घरटी एक तरी त्यात हायच की.”

“रोज?”

“रविवारी बंद. पर सणासुदीला दिस बघत न्हाई, रात बघत न्हाई.”

“सोडावंसं वाटत न्हाई?”

“आता काय सोडायचं आबा,” दत्तूमामा समाधानानं म्हणाला, “पोरगंबी त्यातच घातलंय.”

आबा उठले आणि त्यांनी मला फोन लावला. “मामा इथं पोचलेत.”

मी समोर बघितलं. “शक्यच नाही आबा. मामा इथं आहे. माझ्यासमोर, तोंड वासून.”

“इथं माझ्या समोर ताक पितायत.”

“तुम्हाला भास होत असेल आबा. हा बघा, मी हात लावून सांगतो, अजून गरम आहे.”

फोन बंद. आबांनी खोलीकडं वळून जाहीर केलं, “बापबी घेतल्याला हाय. एक माणूस त्येला दोन ठिकाणी दिसतोय.”

उंब्रजचा मेकॅनिक साखरपुड्यालाच गेला होता, दुसऱ्याच्या. प्रतीक हात हलवत परत आला. पोराचं मन त्या मुलीवर फार होतं, आणि आबांच्या घरी शब्द देऊन वेळ चुकवणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. तेवढ्यात ऊस टाकून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, पुढं मोठ्यानं गाणी. ड्रायव्हर दिलदार निघाला, “चला की, वाटंवरच हाय.” मामाला दोरीनं ट्रॉलीच्या मागं बांधला. उसावर चालणाऱ्या गाडीला शेवटी उसाच्याच गाडीनं ओढत नेलं. बायको मागच्या सीटवर साखरेचा पुडा छातीशी धरून बसली होती. वाटेत एकच वाक्य बोलली, “साखरेच्याच पेट्रोलवर जायचं म्हणे.”

आबा दारातच उभे होते, पाठीमागं हात बांधून. मी उतरलो. गाडी ढकलताना एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्यामुळं चाल जराशी तिरकी. डोळे लाल. सदऱ्यावर ओघळ.

“तोंडात काय?” आबा.

“लवंग.”

“कशापायी?”

“वास येऊ नये म्हणून.”

“कसला?”

मी खोटं बोलत नाही. “मामानं घेतलेली, त्यातली थोडी माझ्या पोटात गेली.”

आबांनी मान न वळवता आत सांगितलं, “ताट उचला.”

आतून औक्षणाचं ताट उचलल्याचा आवाज आला. दारामागं ऋतुजा होती. तिनं प्रतीककडं बघितलं आणि तिचे डोळे भरले. प्रतीक पांढरा पडला. मी तोंड उघडलं, पण तोंडात लवंगाच इतक्या होत्या की शब्द बाहेर येण्याऐवजी लवंगा आल्या.

तेव्हा आमची बायको पुढं झाली. पुडा तसाच छातीशी. “आबा, ताट राहू द्या. तुम्ही ज्याला मामा समजताय तो माझा भाऊ, तो पाण्याशिवाय काही पीत नाही. आणि हे ज्याला मामा म्हणतात तो तिथं आहे, दोरीला बांधलेला.”

सगळ्यांनी दोरी बघितली. मग दोरीच्या टोकाला बघितलं. नेमका तेव्हाच दत्तूमामा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, कितव्यांदा तरी आलेलं लिंबूपाणी हातात धरून बाहेर आला.

“आक्के,” तो म्हणाला, “ही तर माझी गाडी. हिला मामा म्हंता व्हय तुमी?”

“प्रेमानं,” मी म्हणालो.

“आन मगापासनं ह्यो सुभेदार मला विचारतोय सोडायचं, सोडायचं... मला वाटलं धंदा.”

आबा फौजी माणूस. नुसत्या तोंडी जबानीवर ऐकेनात. पुरावा मागितला. मी बाटली आणली, उन्हात धरली. वरचा थर दाखवला, खालचा दाखवला. टाइमकीपर असूनही केमिस्टसारखा बोललो. गाडीला प्यायला काय देतात, जुन्या गाडीला ते कसं बाधतं, पाण्याशी त्याचं कसं जमतं, सगळं सांगितलं. बंडानं सांगितलेलं माझ्या नावावर खपवलं.

आबांनी बाटली हातात घेतली. हुंगली. “खालचं ते दारू?”

“दारू आणि पाणी, आबा.”

“म्हंजे गाडी खरंच प्यायल्याली हाय.”

“एका अर्थानं.”

“मग ती माझ्या दारात नको,” आबांनी निकाल दिला. “तत्त्व म्हंजे तत्त्व. लावा कुंपणाच्या भाईर.” मामाला आम्ही सगळ्या पाहुण्यांनी मिळून ढकलत कुंपणाबाहेर नेलं. आबा स्वतः मोजून बघत होते, एक चाकसुद्धा हद्दीत राहू नये म्हणून. मग बायकोच्या हातातल्या पुड्याकडं बघून म्हणाले, “त्यात साखर हाय न्हवं? का तीबी टाकीत ओतली?”

साखर होती. ताट परत खाली आलं. अंगठ्या घातल्या गेल्या, पेढे वाटले गेले. प्रतीक आणि ऋतुजा एकमेकांकडं बघून सारखे हसत होते आणि मी जवळ गेलो की गप्प बसत होते. दत्तूमामाला किल्ली जेवणानंतर परत मिळाली, तीही आबांनी त्याला अंगणातल्या फरशीच्या रेघेवरून सरळ चालवून बघितल्यावर. आम्ही त्याच्याच गाडीतून सांगलीला आलो. वाटेत तो एवढंच म्हणाला, “दाजी, पुढच्या येळी गाडीला नाव द्यायचं असंल तर माझं सोडून दुसरं कायबी द्या.”

मामा दोन दिवसांनी टेंपोतून आला. बंडानं टाकी धुतली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर साफ केला आणि प्रत्येक भाग काढताना माझ्याकडं असं बघितलं, की मी त्याच्या पोराच्या गणिताचीही माफी मागितली. आता मी टाकी अर्धीच भरतो आणि दर रविवारी मामाला हरिपूरपर्यंत फिरवून आणतो. अ‍ॅव्हरेज पूर्वीसारखं नाही. माझंही नाही.

परवा लग्नाची तारीख पक्की करायला आबांना फोन केला. बोलता बोलता म्हणालो, “आबा, आता तरी पटलं ना, आमच्या घरात कोणी पीत नाही?”

स्पीकरवर भावकी बसलेली असावी. जरा खाकरल्याचा आवाज आला.

“मामांचं पटलं,” आबा म्हणाले. “गाडीचंबी पटलं, ती बिचारी तुमी घालाल ते पिती. तुमचं लग्नापातुर बघू.”